मनगटावरच्या सहा खाचा

आमच्या ह्यांचा एक नियम आहे. दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला लगेच द्यायचं नाही. आधी तीन दिवस स्वतःच्या डाव्या मनगटावर बांधायचं, त्यासकट जेवायचं, झोपायचं, बाजारात जायचं, आणि मगच परत करायचं. "खिळ्यावर टांगलेलं घड्याळ संन्याशासारखं असतं," हे म्हणतात. "त्याला काय होतंय नीट चालायला? हात हलला, घाम आला, दाराला ठोकर बसली की कळतं, कोण किती पाण्यात आहे ते." बत्तीस वर्षं हे असंच चाललंय. आज काळ्या तबकडीचं, उद्या पांढऱ्या, तर परवा एखाद्या बाईंचं बदामाएवढं नाजूक घड्याळ बांधून हे भाजी आणायला निघतात. सुरुवातीला मला लाज वाटायची. आता मीच आठवण करते, "अहो, मास्तरीणबाईंचं घालून जा, त्यांचा तिसरा दिवस आहे आज."

या नियमानं आमच्यावर काय वेळ आणली, तेच सांगायला बसले आहे. कीर्तनात बुवा मूळ पद सोडून आख्यानात शिरतात तशी माझीही गाडी मध्येच वळते, तेवढं सांभाळून घ्या.

आमच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मुलगा विमा कचेरीत नोकरीला. त्याच्या वडिलांची बेकरी. मुलगा अंगानं इतका काटकुळा की बेकरीतले कामगार त्याला लहानपणापासून 'टोस्ट' म्हणतात, आणि आमची लेकही तेच म्हणते. मी एकदा रागावले, "अगं, होणाऱ्या नवऱ्याला असं म्हणतात का?" तर म्हणाली, "आई, तो स्वतःच म्हणतो, चहात बुडालो की मऊ होतो."

व्याही मात्र मुलाच्या अगदी उलट. उंच, धिप्पाड, दारातून आले की खोलीतला उजेड कमी व्हायचा आणि आवाज वाढायचा. पत्नी जाऊन सात वर्षं झालेली. बेकरी आणि मुलगा, एवढाच त्यांचा संसार. पहाटे भट्टी पेटवायची, मैदा स्वतःच्या हातानं मळायचा. मळायचं यंत्र घेऊन ठेवलंय, पण त्याच्यावर ते टोपल्या ठेवतात. म्हणायचे, "यंत्राला पीठ कळत नाही हो, विहीणबाई. पीठ हाताशी बोलतं."

लग्नाला महिना असताना ते एका दुपारी दुकानात आले. आमचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच आहे, त्यामुळे मी आतून सगळं ऐकते. चोरून नव्हे, भिंतच पातळ आहे.

"घड्याळजी," व्याही गरजले, "हे दिवसाला दहा मिनिटं मागं पडतंय. दहा मिनिटांत माझा पाव कोळसा होतो."

मी चहा घेऊन बाहेर गेले. काउंटरवर ते घड्याळ होतं. सोनेरी, जाडजूड, तबकडीवर नाव असं की लोक ते नुसतं उच्चारताना आवाज खाली आणतात.

"मुलानं दिलंय," व्याही म्हणाले. "पहिल्या पगारातून. एक वर्ष झालं, हातातून काढलं नाही. भट्टीपाशीसुद्धा नाही. मळताना नुसतं कोपराकडं वर सरकवतो." आणि हे सांगताना त्यांनी बाही खाली ओढली. पण माझं लक्ष गेलंच. मनगट लालबुंद, सोललेलं, त्यावर मलमाचा थर.

"हे काय झालं, व्याहीबुवा?" मी विचारलं.

त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झालेला ऐकला. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विचारलं, हात कशात असतात दिवसभर? म्हटलं, पिठात. म्हणाले, आठ दिवस पिठाला हात लावू नका, बघू काय फरक पडतो ते. आता तुम्हीच सांगा, पीठ बाधेल का मला? चाळीस वर्षांनी? आईचं दूध बाधल्यासारखं झालं की हो हे." मग पुन्हा मोठ्यानं हसले, "असो! आठ दिवस मी सुट्टीवर, घड्याळही सुट्टीवर. करून ठेवा नीट."

ह्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं. आणि जरा वेळ पाहतच राहिले. मग झाकण बंद करून म्हणाले, "आठ दिवसांनी देतो."

तीन नव्हे, आठ. व्याह्यांचं काम! ह्यांनी मशीन धुतलं, तेल दिलं, आणि घड्याळ मनगटावर चढवलं. त्याच आठवड्यात लग्नासाठी घराच्या भिंतींना रंग द्यायचं काढलं होतं. रंगारी सांगून आलाच नाही, म्हणून हे स्वतः शिडीवर. रोज घामाची आंघोळ. सहाव्या दिवशी हे मनगट खाजवायला लागले. आठव्या दिवशी घड्याळ व्याह्यांना नेऊन दिलं, आणि परत आले ते मनगट पदराआड लपवल्यासारखं खिशात घालून.

"रंग बाधला मला," हे म्हणाले. "चुना होता ना त्यात."

"उजव्या हातात ब्रश होता तुमच्या," मी म्हटलं. "बाधला डाव्याला?"

"ओघळला असेल."

आता बघा, बाजारात शहाणा म्हणून नाव असलेला माणूस. दुसऱ्याच्या घड्याळातला धुळीचा कण त्याला दिसतो, आणि स्वतःच्या हाताची गोष्ट आली की 'ओघळला असेल'!

चार दिवसांनी व्याही आले, ते बातमी घेऊन. चेहरा असा की जणू कुणाला पोचवून आलेत.

"सिद्ध झालं, विहीणबाई. आठ दिवस पिठापासून लांब राहिलो, हात बाळासारखा साफ झाला. नवव्या दिवशी बेकरीत गेलो, मैद्याला नुसतं बोटही लावलं नाही हो, फक्त गल्ल्यावर बसलो, तर पुन्हा हे!" त्यांनी बाही वर केली. मनगट पहिल्यापेक्षा वाईट. "म्हणजे आता पिठाची हवासुद्धा सोसत नाही मला. बिस्किट कंपनीचा एक माणूस कधीपासून मागं लागलाय, बेकरी द्या म्हणून. त्याला बोलावलंय. येत्या शुक्रवारी पाच वाजता सही करतो आणि मोकळा होतो."

"बेकरी विकणार?" हे म्हणाले.

"मग काय करू? दुसऱ्यानं मळलेलं बघत बसू?" आणि तो एवढा मोठा माणूस आमच्या स्टुलावर बसून डोळे पुसायला लागला. बाहीनं पुसत होता, त्या बाहीखाली सोनेरी घड्याळ टिकटिकत होतं, वेळेला अगदी चोख. ह्यांनीच केलेलं.

त्या दिवशी ते गेल्यावर मी ह्यांच्या हाताला मलम लावायला बसले. खिडकीशी चांगला उजेड होता. मी शिवणकाम करते, त्यामुळे कशाचाही आकार आधी डोळ्यात भरतो. लालीचा अगदी गोल चट्टा, जसा वाटी उपडी ठेवून खडूनं आखावा. आणि त्या गोलाच्या कडेला सारख्या अंतरावर बारीक बारीक ठसे. मी मोजले. सहा.

"अहो, चुना ओघळला तर असा गोल ओघळतो का? आणि या सहा खाचा कसल्या?"

ह्यांनी हात उजेडात धरला. भिंग लावलं. स्वतःच्याच मनगटाकडे ते जसे बघत होते ना, तसे आजवर फक्त दुसऱ्यांच्या घड्याळांकडे बघितलेत. मग हळूच म्हणाले, "मागच्या झाकणाच्या. पान्यानं फिरवायला सहा खाचा असतात त्या झाकणाला."

देव कुणाला स्वप्नात सांगतो, कुणाला ग्रंथातून. आमच्या ह्यांना त्यानं सरळ मनगटावर लिहून दिलं, तरी वाचायला मीच लागले.

"म्हणजे घड्याळ त्यांच्या हातात होतं तेव्हा त्यांना खाज," मी बोटांवर मोजत म्हणाले. "घड्याळ तुमच्याकडे आलं, ते बरे झाले आणि खाज तुम्हाला. परत गेलं, पुन्हा त्यांना. पिठाचा यात संबंध काय?"

ह्यांनी भिंग काढून पुसायला घेतलं. बत्तीस वर्षांत ह्यांचं भिंग पुसणं मला पाठ झालंय. हे विचाराचं नव्हतं. हे चोरी सापडल्याचं होतं.

"बोला."

"अगं, ते घड्याळ खरं नाही. फर्स्ट कॉपी आहे. झाकण उघडलं तेव्हाच कळलं. वरचं नाव तेवढं मोठं, आत साधं स्वस्तातलं मशीन."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"होणाऱ्या जावयानं बापाला दिलेलं घड्याळ नकली आहे, हे तुला सांगून काय करू? तू झोपली असतीस का? मला वाटलं, नाव खोटं, एवढंच ना. वेळ तर खरी दाखवतंय. चालू दे. पण खोट्या नावाखाली धातूही खोटा असणार, हे माझ्या टाळक्यात यायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हसतमुख बाई. त्यांनी ह्यांच्या पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवसांनी काढल्या. एका पट्टीखाली पाठ लाल.

"निकेल," त्या म्हणाल्या. "चांगल्या पोलादातून ते सहसा फारसं बाहेर येत नाही. पण स्वस्त नकली घड्याळांत काय धातू वापरलाय, कोण बघायला जातंय? वरचा मुलामा झिजतो, खालून निकेल उघडं पडतं, आणि घाम आला की कातडीत उतरतं. तुम्ही जन्मभर घड्याळं हाताळलीत, शरीरानं बरंच सोसलं. आता म्हणालं, पुरे."

"बरं होईल ना?" मी विचारलं.

"चट्टा जाईल. ॲलर्जी मात्र राहते. निकेल लांब ठेवलं तर ती गप्प बसते."

"आणि एखादा माणूस भट्टीसमोर बसत असेल, असंच घड्याळ घालून?" ह्यांनी विचारलं.

"भट्टीसमोर? घामात? मग तर मेजवानीच की त्याला. पाठवा त्यांना माझ्याकडे, तपासू. आणि हो, तबकडीवर तो अंधारात चमकणारा रंग असतो ना, नकलीत तो कसला आहे देव जाणे. उगाच खरवडत बसू नका."

बाहेर पडलो तेव्हा बुधवार संपत आला होता. सही शुक्रवारी.

घरी तिघांची बैठक बसली. लेक शिकवते त्या शाळेतून तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आली होती, तो तसाच मांडीवर.

"सांगून टाका सरळ," मी म्हटलं. मग लगेच जीभ चावली. "पण सांगणार काय? तुमचा मुलगा तुम्हाला फसवतो, म्हणून? लग्न सतरा दिवसांवर आलंय. त्या माणसाचा पोरावर केवढा जीव आहे!"

"टोस्टला दुकानदारानं फसवलं असेल," लेक म्हणाली, पण तिचा आवाज जरा कच्चाच होता. मग एकदम, "बाबा, मागच्या झाकणाला नेलपॉलिश लावलं तर? बिनरंगाचं. धातू हाताला लागणारच नाही. कुणाला काही सांगायलाच नको!"

हे क्षणभर खूश झाले. खरंच, कारागीर माणूस, युक्ती दिसली की मोहात पडतो. लेकीची बाटली घेऊन त्यांनी दुकानातल्या एका जुन्या झाकणावर एक थर देऊनही पाहिला. वाळल्यावर नखानं घासला. पापुद्रा निघाला.

"भट्टीच्या घामात आठ दिवस टिकेल," हे म्हणाले. "मग मी काय करू, दर आठवड्याला व्याह्यांच्या घड्याळाला नेलपॉलिश लावायला जाऊ? आणि तोवर ते बेकरी विकून बसतील त्याचं काय? त्यांना पीठ बाधत नाही, हे तर सांगायलाच हवं."

मग मी तोडगा काढला. माझाच, तेव्हा त्याचं जे झालं त्याचं मापही माझ्याच पदरात. म्हटलं, "खोटं बोलू नका, पण अर्धंच खरं बोला. म्हणा, या धातूतलं निकेल तुमच्या अंगाला मानवत नाही. झालं. नकली हा शब्द तोंडातून काढायचाच नाही." ह्यांच्याकडून मी ते वाक्य चार वेळा म्हणून घेतलं. वर्गातल्या ढ मुलासारखे म्हणत होते.

शुक्रवारी साडेचारला आम्ही तिघं बेकरीत. पाठीमागच्या खोलीत लांबलचक लाकडी टेबल, चाळीस वर्षांच्या मळण्यानं मध्ये खोलगट झालेलं. भिंतीशी मैद्याची पोती. व्याही त्यांच्यापासून सहा हात लांब खुर्ची टाकून बसलेले, जसं एखाद्यानं रुसलेल्या माणसापासून लांब बसावं. टोस्ट सहीसाठी अर्धी रजा काढून आला होता, कोपऱ्यात उभा.

"या, या! वेळेत आलात. आज शेवटचं काय ते खाऊन घ्या, उद्यापासून कंपनीची बिस्किटं!"

ह्यांनी बाही वर केली आणि स्वतःचं मनगट पुढं धरलं. चट्टा उतरत आला होता, पण गोल दिसत होता.

व्याही उठलेच. "अरेच्चा! तुम्हालाही पीठ बाधलं?"

"मला पीठ कशाला बाधेल? मी पाव फक्त खातो," हे म्हणाले. "व्याहीबुवा, मला हे तुमच्या घड्याळानं झालं. आठ दिवस माझ्या हातात होतं. तुमचा हात बरा झाला तो त्याच आठ दिवसांत. तुम्हाला पीठ बाधत नाही. या धातूतलं... निकेल... तुमच्या अंगाला मानवत नाही." वाक्य पूर्ण झालं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. छान.

व्याही मनगटाकडे बघत उभे राहिले. मग घड्याळ काढलं. त्याखालची लाली पाहिली, आपल्या हाताची आणि ह्यांच्या हाताची. हिशोब त्यांच्या डोक्यात जसजसा उतरला तसतसा चेहरा उजळत गेला. "म्हणजे पीठ नव्हे? पीठ नव्हेच?"

"नव्हे. डॉक्टरीणबाई तपासून सांगतील, पण मला खात्री आहे."

मला वाटलं, जिंकलो! देवाचं नाव घेतलं मनात. पण देव खोड्याळ आहे, अर्धं खरं त्याला पसंत नसतं.

व्याह्यांचा चेहरा पुन्हा लाल झाला, या खेपेला रागानं. "एवढ्या मोठ्या नावाचं घड्याळ, आणि माणसाचा हात खातं? माझ्या पोरानं पहिला पगार ओतला तो यासाठी? मी आत्ताच्या आत्ता त्यांच्या दुकानात जातो! मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान आहे ना त्यांचं? काउंटरवर आपटतो हे. चार लोकांसमोर त्यांना विचारतो! घड्याळजी, तुम्ही चला साक्षीला."

"मी?" हे म्हणाले.

"तुम्हीच! या बाजारात तुमच्याहून जाणकार कोण आहे? तुम्ही सांगायचं, हे त्यांचंच घड्याळ आणि त्यांचाच दोष." टोपी डोक्यावर चढली होती. पाय दाराकडे वळले होते.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. चार वेळा घोकून घेतलेलं वाक्य संपलं होतं आणि पुढचं मी शिकवलं नव्हतं.

"व्याहीबुवा, बसा," हे म्हणाले. "त्या दुकानात जाऊ नका. त्यांचा दोष नाही. ते... असं होतं कधी कधी, की बाजारात दुकानदार भल्या मुलाला फसवतात, त्याला बिचाऱ्याला काय माहीत..."

"बाबा, मला माहीत होतं."

टोस्ट बोलला होता. कोपऱ्यातून दोन पावलं पुढं आला होता आणि खरंच टोस्टसारखा फटकन मोडेल असा दिसत होता.

"ते खरं नाही. कॉपी आहे. दुकानदारानं तसंच सांगून विकलं, आणि मी तसंच समजून घेतलं. माझा तेव्हाचा पगार... खऱ्याला तीन वर्षं लागली असती. आणि तुम्ही आधीच सगळ्या बेकरीला सांगून ठेवलं होतं की माझा मुलगा पहिल्या पगारात मला तेच घड्याळ आणणार. कामगारांनी टाळ्या वाजवल्या होत्या, बाबा. मला रिकाम्या हातानं येववेना." त्यानं ह्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही मला वाचवत होतात. नका वाचवू. माझ्यामुळे बेकरी हातची चालली होती."

लेकीनं वह्यांची पिशवी छातीशी धरली होती. मी मनात म्हणत होते, देवा, आता हा माणूस काय बोलेल त्यावर दोन घरं उभी आहेत.

व्याही ह्यांच्याकडे वळले. "तुम्हाला कधी कळलं?"

"झाकण उघडलं तेव्हाच."

"पंधरा दिवस होऊन गेले. आणि तरी या मुलाला मुलगी देताय?"

"घड्याळ कसं आहे ते झाकणाखाली कळतं," हे म्हणाले. "मुलगा कसा आहे ते आत्ता कळलं. मी त्याला पळवाट काढून दिली होती, तो गेला नाही तिकडून."

"माझंही विचारा की कुणीतरी," लेक म्हणाली. "लग्न मला करायचंय." मग टोस्टकडे बघून, "मला तरी सांगायचं होतंस. साध्या पट्ट्याचं घड्याळ आपण दोघांनी मिळून निवडलं असतं. गाढव कुठला."

'गाढव' हे तिनं अशा सुरात म्हटलं की माझा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा व्याह्यांकडे अडकलेला. ते नळाकडे गेले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, आणि माझ्यापुढे मनगट धरलं.

"विहीणबाई, स्वच्छ पट्टी आहे का? बांधा. घट्ट."

माझ्या पिशवीत ह्यांच्यासाठी आणलेली होती. मी बांधली. त्यांनी पोतं फोडलं, टेबलावर मैद्याचा डोंगर ओतला, मध्ये विहीर केली, पाणी घातलं आणि दोन्ही हात आत घातले. डोळे मिटले. आम्ही सगळे बघत होतो. मळताना त्यांच्या खांद्यांना एक लय यायला लागली, टाळांच्या ठेक्यासारखी, आणि मला वाटतं ओठही हलत होते. पिठाशीच बोलत असावेत. पंधरा दिवसांचं साचलं होतं दोघांचं.

तेवढ्यात बिस्किट कंपनीचा माणूस आला. कातडी बॅग, हातात पेन.

"मालक, कागद आणलेत."

"कागद ठेवा घरी," व्याही मळता मळता म्हणाले. "ही बेकरी विकायची नाही. पाव विकायचाय. दोन-तीन तासांत गरम निघेल, थांबलात तर मिळेल."

तो माणूस भांबावून आमच्याकडे बघायला लागला. ह्यांनी त्याला स्टूल दिलं. सवयच ती, बत्तीस वर्षांची, आलेल्याला बसवायची. बसला बिचारा पेन खिशात ठेवून.

मुलगा अजून तसाच उभा होता. बापानं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. मी लेकीला डोळ्यानं खुणावलं, तिनंही खांदे उडवले. अशा वेळी मधे बोलणं म्हणजे उकळत्या दुधावर फुंकर. उतू जायचं ते दुसरीकडून जातं.

आणि मळता मळता व्याह्यांचं नाक वाकडं झालं. मग उजवीकडे फिरलं. मग डावीकडे. पीठ उडालं असावं. त्यांनी खांद्याला नाक घासायचा प्रयत्न केला, खांदा पोचेना. दंडाला करून पाहिलं, दंड पोचेना. दोन्ही हात मनगटापर्यंत चिकट पिठात. तो एवढा मोठा माणूस डोळ्यांत पाणी आणून नुसतं नाक हलवत होता आणि मागायचं कुणाकडे, ते कळत नव्हतं. ह्यांच्याकडे त्यांनी पाहिलं, पण व्याह्याला कसं सांगणार? माझ्याकडे तर पाहवेचना. कंपनीच्या माणसाकडे क्षणभर नजर गेली, तर तो स्टुलासकट मागं सरकला. मी पदर तोंडात कोंबला.

शेवटी सगळा राग, सगळा मान, सगळं वर्षभराचं मिरवणं बाजूला सारून ते ओरडले, "अरे, बघतोस काय नुसता! नाक! नाक खाजव माझं!"

टोस्ट धावला. बापाच्या नाकाशी जपून बोट नेलं.

"असं?"

"डावीकडे. अजून. गाढवा, तुझी आई बरोबर खाजवायची. हां... हां! तिथंच!" व्याह्यांनी सुटकेचा असा नि:श्वास टाकला की टेबलावरचा मैदा उडून मुलाच्या तोंडावर बसला. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं तो हसायला लागला, आणि बघता बघता रडायलाही.

"आता हात धू," बाप म्हणाला, "आणि इकडं ये. या बाजूनं दाब. असा नाही. अंगठ्याच्या बुंध्यानं. विमा कचेरीनं बोटं पार कागदी करून ठेवलीत तुझी."